एसटी पेटल्याशिवाय सरकारला ऐकूच येत नाही का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका गावातून २३ वर्षांच्या तरुणाने लिहिलं आहे. बी.ए. झालंय, पोलीस भरतीची तयारी चालू आहे, घरी चार एकर कोरडवाहू. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं. ७२ तासांच्या आत मोबाइलवरून नुकसान कळवलं, पंचनामा झाला आणि वडिलांच्या खात्यात विम्याचे तीनशे सत्तर रुपये जमा झाले. गावातल्या पोरांनी तहसीलला दोनदा निवेदन दिलं, एकदा ठिय्या दिला. साहेब बाहेरसुद्धा आले नाहीत. आता गटातल्या काहींनी ठरवलंय की येत्या रास्ता रोकोत एक एसटी पेटवायची. पेट्रोल आणायचं काम याच्यावर आलं, याने नकार दिला. तेव्हापासून ग्रुपवर "भरतीवाला घाबरला" असं ऐकावं लागतंय. तो विचारतो: "माझे पणजोबा निजामाविरुद्ध सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. त्यांनी नाकी जाळली, त्यांना पेन्शन मिळाली. आम्ही एक बस जाळली तर आम्ही गुन्हेगार? हिंसा कधीच योग्य नसते का? की ताई, मी खरंच भित्रा आहे?"

मित्रा,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडवलेली दिसते. तू भित्रा नाहीस. ज्या पोरांबरोबर लहानाचा मोठा झालास त्यांच्या तोंडावर एकट्याने "मी आणणार नाही" म्हणायला जी हिंमत लागते, ती गर्दीत मिसळून काडी टाकायला लागत नाही. महाडचं आठव. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतलेल्या लोकांवर हल्ला झाला, कित्येकांची डोकी फुटली. परिषदेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेली माणसं होती. त्यांना उलट मारता येत होतं, मारायचंही होतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. त्या दिवशी हात आवरून धरलेल्या माणसांना भित्रं म्हणायची कुणाची छाती होईल?

आणि भरतीचं म्हणशील तर, समजा नकार देताना तोही विचार मनात आला असेल. चार एकरांत घर चालत नाही म्हणून नोकरीकडे डोळे लावले असतील तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? "तुला आंदोलनाची पडली नाही" असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचार, दोन्ही निवेदनं कुणी लिहिली होती? पत्रावरून मला वाटतं, तूच.

आता पणजोबा. "हिंसा कधीच नाही" हे वाक्य मी लिहू शकले असते. पण ते लिहिलं की तुझे पणजोबा गुन्हेगार ठरतात, आणि मी तसं मानत नाही. म्हणून त्या काळात नेमकं काय होतं ते नीट पाहू.

हैदराबाद संस्थानात साधी सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. "गश्ती निशाण ५३" हे त्या हुकमाचं नाव जुन्या लोकांच्या तोंडी तू ऐकलं असशील. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये ती स्थापन होण्याआधीच बंदी आली. मत देऊन निजामाला खाली उतरवायची सोय नव्हती. तरीसुद्धा लोकांनी सुरुवात बंदुकीने केली नाही. १९३८ मध्ये सत्याग्रह झाला, तुकड्या-तुकड्यांनी माणसं तुरुंगात गेली, वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढून टाकलं. बंदी उठायला १९४६ साल उजाडलं. देश स्वतंत्र होत असताना, ऑगस्ट १९४७ मध्ये, या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पुन्हा तुरुंगात गेले. इकडे लातूरचा वकील कासीम रझवी याचे रझाकार गावं लुटत होते, माणसं मारत होते, आणि सरकार त्यांच्या पाठीशी होतं. त्यानंतर सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, नाकी जळाली, जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली गेली. त्या लुटीच्या पैशाचा हिशेब ठेवला गेला होता, हे विशेष लक्षात ठेव. शस्त्र हाती घेणाऱ्यांना जाब विचारणारं कुणीतरी वर होतं.

तुमच्या गटात तो जाब कोण विचारणार आहे? बस पेटल्यावर वाऱ्याने आग बाजूच्या टपरीवर गेली तर टपरीवाल्याचे पैसे कोण भरणार, हे ग्रुपवर कुणी लिहिलंय का?

आणखी एक गोष्ट सांगते, जी मुक्तिदिनाच्या भाषणांत सहसा येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. त्यानंतरच्या दिवसांत रझाकारांचा सूड म्हणून अशा गरीब मुसलमानांना गावोगाव मारण्यात आलं, ज्यांच्यातल्या बहुतेकांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. शेतमजूर, विणकर, छोटे दुकानदार. भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. कॅम्पातल्या सैनिकांनी हे केलं असं मी म्हणत नाही. तुझे पणजोबा ज्या लढ्यात होते तो न्यायाचाच होता. पण त्या न्यायाच्या लढ्याच्या शेवटी हेही घडलं, आणि मेले ते सगळ्यात दुबळे. पणजोबांचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यायला हवा, म्हणून लिहिलं.

तर माझं उत्तर असं. जिथे बोलायला, जमायला, मत द्यायला, कोर्टात जायला एकही वाट शिल्लक नाही आणि समोरचा तुमच्या जिवावर उठलाय, तिथे शस्त्र उचलणाऱ्याला मी दोष देणार नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत जवळपास हेच मांडलं. सनदशीर मार्गच नव्हते तेव्हा दुसऱ्या मार्गांचं पुष्कळ समर्थन करता येत होतं, ते मार्ग खुले झाल्यावर मात्र नाही, असं ते म्हणाले. त्याच भाषणात त्यांनी सत्याग्रहसुद्धा सोडून द्या असं सांगितलं. तिथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. पाच वर्षांतून एकदा मत देऊन मधल्या काळात गप्प बसणं शेतकऱ्याला परवडत नाही. रस्त्यावर बसायचा हक्क त्याला हवाच.

आता तुझ्यासमोर खरोखर वाट उरलेली नाही का, ते बघ. दोन निवेदनं आणि एक ठिय्या. साहेब बाहेर आले नाहीत याची मलाही चीड येते. पण तुझ्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात २०२० च्या खरिपाच्या विम्यावरून असाच अन्याय झाला होता. विमा कंपनी ७२ तासांच्या अटीवर बोट ठेवून बसली होती. शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. २०२२ मध्ये साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला, आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली तरी तिला पैसे भरावे लागले. दोन वर्षं लागली. कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला दोन वर्षं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. या दिरंगाईचं मी अजिबात समर्थन करत नाही. पण ही वाट आहे, आणि तुमच्या गटातलं अजून कुणी तिकडे फिरकलेलं नाही.

तुमच्या बॅनरवर भगतसिंगांचा फोटो आहे आणि खाली "बहिऱ्यांना ऐकू जाण्यासाठी" लिहिलंय, असं तू कळवलंस. ८ एप्रिल १९२९ ला त्यांनी आणि बटुकेश्वर दत्तांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकले ते कुणी मरू नये अशा बेताने, आणि टाकून पळाले नाहीत, अटक करवून घेतली. तोंडाला रुमाल बांधून रात्री गावी परतण्याचा बेत त्यात नव्हता. पुढे तुरुंगात त्यांनी उपोषण केलं. त्याच उपोषणात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांनी गेले. तुरुंगातच १९३० मध्ये त्यांनी लिहून ठेवलंय की अगदीच अटळ वेळी बळाचा वापर समर्थनीय ठरतो, पण जनतेच्या कुठल्याही चळवळीला धोरण म्हणून अहिंसा अत्यावश्यक आहे. हे गांधींनी नाही, भगतसिंगांनी लिहिलंय. आणि त्याआधी, डिसेंबर १९२८ मध्ये लाहोरला इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सचा वध झाला तेव्हा पाठलाग करणारा एक हिंदुस्थानी हवालदारही मारला गेला. त्याचं नाव चननसिंग. साँडर्सचं नाव सगळ्यांना पाठ असतं, याचं कुणाला आठवत नाही. उद्या भरती झालास तर तू चननसिंगच्या जागी उभा असशील, बंदोबस्ताला.

तुझ्या मित्रांचा सगळ्यात जोरदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी टाळणार नाही. "शांततेत बसलो तर कुणी विचारत नाही, पेटवलं की त्याच रात्री मंत्री फोन उचलतो." हे पुष्कळदा खरं आहे, आणि याचा दोष राज्यकर्त्यांचा आहे. ठिय्याला बसलेल्यांना आठ दिवस उन्हात ठेवायचं आणि टायर जळाले की तासाभरात बैठक लावायची, असं वागणारा प्रत्येक अधिकारी आणि मंत्री पोरांच्या हातात काडेपेटी देत असतो. पण मंत्र्याने फोन उचलला, पुढे काय? कॅमेरे बसवर येतात, सोयाबीन बातमीतून जातं, विम्याबद्दल विचारलं की "आधी कायदा सुव्यवस्था" हे उत्तर तयार असतं. दिल्लीच्या सीमेवरचे शेतकरी २०२० च्या नोव्हेंबरपासून थंडीत बसले होते. २६ जानेवारी २०२१ ला ट्रॅक्टर मोर्चातला एक भाग लाल किल्ल्यावर गेला, हाणामारी झाली, आणि दोन महिने कमावलेली सहानुभूती एका दुपारीत पणाला लागली. काही संघटना निघून गेल्या, तंबू उठवायची तयारी सुरू झाली. ते आंदोलन वाचलं ते पुन्हा शांत बसून. ज्या कृषी कायद्यांविरुद्ध ते बसले होते ते मागे घेण्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ ला झाली.

आपल्या संयुक्त महाराष्ट्राचंच बघ. १०६ हुतात्मे आपण म्हणतो, त्यांतले बहुतेक पोलिसांच्या गोळीने गेले. पण जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गुजराती दुकानं फुटली, लुटली गेली, आणि मुंबई महाराष्ट्राला देऊ नका म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. दिल्लीला खरा हादरा बसला १९५७ च्या निवडणुकीत, जेव्हा मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेवर दुतर्फा हजारो माणसं काळी निशाणं घेऊन उभी राहिली. मनात आणलं असतं तर त्या घाटात काय झालं नसतं? निदर्शनं शांततेत पार पडली, आणि मराठी माणसाला काय हवंय ते नेहरूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मार्च २०१८ चा लाँग मार्च तर तुझ्या आठवणीतला असेल. नाशिकहून मुंबई, सुमारे १८० किलोमीटर, आदिवासी बायका-बाप्ये चालत आले. कित्येकांच्या तळपायाची साल निघाली होती. दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा, सायनच्या सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंत, त्यांनी रात्रीत चालून काढला. एरवी मोर्चा म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारी मुंबई पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उतरली. सरकारने लेखी आश्वासन दिलं. ते पुरतं पाळलं गेलं नाही, २०१९ आणि २०२३ मध्ये त्यांना पुन्हा चालायला निघावं लागलं, हेही सांगायला हवं. पण पुन्हा निघताना माणसं जमली, कारण पहिल्या वेळी कुणाचं पोर जेलात अडकलं नव्हतं.

आता त्या एसटीकडे येऊ. "रिकामी करून पेटवू, माणसाला हात लावणार नाही" असं मित्र म्हणतात. माणूस मारणं आणि वस्तू जाळणं यांत फरक आहे, तो मी मान्य करते. पण ती बस कुणाची आहे? तुमच्या गावची मुक्कामाची गाडी सकाळी सहाला सुटते. तीत दुधाचे कॅन असतात, तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसला निघालेला कुणाचा तरी बाप असतो, आणि पास काढून कॉलेजला जाणाऱ्या मुली असतात. आमदार तीत नसतो, विमा कंपनीचा साहेब तर नसतोच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली तेव्हा संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडलं, एसटीची चाकं थांबली. त्या दिवसांत मोटारसायकल नसलेल्या घरांचं काय झालं, विचार एखाद्याला. गाडी बंद झाली की सगळ्यात आधी मुलींचं शिक्षण थांबतं. वडील म्हणतात, "बारावी झाली तेवढी पुरे." हे मी अनेक पत्रांतून वाचलेलं आहे आणि दर वेळी जीव तुटतो.

बसमध्ये चालक-वाहक असतात. तेही शेतकऱ्याचीच पोरं, एसटीचं सरकारात विलीनीकरण व्हावं म्हणून स्वतः महिनोन्‌महिने संपावर बसलेली. "उतरा खाली" म्हटल्यावर पाठीमागच्या सीटवर झोपलेलं एखादं म्हातारं माणूस सगळ्यात आधी उतरत नाही. डिझेलने पेट घेतला की कुणाचं ऐकत नाही.

मराठवाड्याला आणखी एक जखम आहे. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला, आणि "विरोध" म्हणून गावोगाव दलितांची घरं जाळली, पोचिराम कांबळेंसारख्यांचा जीव घेतला. करणारे स्वतःला आंदोलकच म्हणवत होते. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. आपला राग खरा आहे म्हणून आपण जाळतो ते योग्य, असं मानलं की मग प्रत्येकाचा राग खराच असतो, आणि गावात ज्याच्या मागे माणसं जास्त त्याचंच घर शाबूत राहतं. कोरडवाहू चार एकरवाला त्या हिशेबात कुठे बसतो?

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ग्रुपवर "नंतर केसेस मागे घेतात" असं कुणीतरी लिहिलंच असेल. सार्वजनिक मालमत्तेला आग लावण्याला १९८४ च्या कायद्याने एक ते दहा वर्षांची शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० खाली बेकायदा जमावातला प्रत्येक जण सामाईक उद्देशासाठी जबाबदार धरला जातो, काडी कुणीही ओढलेली असो. सरकारने खटले मागे घ्यायची घोषणा केली तरी कोर्टाची संमती लागते. तोवर चारित्र्य पडताळणीत ते नाव येत राहतं. घोषणा करणारा पुढारी विधानसभेत जातो, तारखांना पोरं जातात.

मग तू काय करायचंस? रास्ता रोको सोडू नकोस. तू बाजूला झालास की तिथे फक्त पेट्रोलवाले उरतील. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्याला ग्रुपवर नको, एकट्याला शेतावर गाठ. ग्रुपवर माणूस मागे हटत नाही, एकट्याने हटतो. त्याच्या घरी किती कर्ज आहे, बहीण कुठल्या गाडीने शाळेत जाते, हे बोलू दे त्याला. बहुतेक वेळा खाली बापाची काळजी निघते. गावातला एखादा माणूस, ज्याचा शब्द पोरं मोडत नाहीत, मास्तर असेल, माळकरी असेल, त्याला बरोबर घे.

रास्ता रोकोची लेखी सूचना पोलीस ठाण्याला आणि तहसीलला देऊन पोच घ्या. जमावबंदी लागू आहे का ते आधी विचारा. तोंडं झाकू नका. वीसेक स्वयंसेवकांना एकसारखे फेटे किंवा बिल्ले द्या, त्यांचं काम एकच, बाहेरून येऊन दगड उचलणाऱ्याचा हात धरणं. आपल्याच दोघांनी सुरुवातीपासून व्हिडिओ काढत राहावं, लाठी पडली तरी आणि दगड पडला तरी. रुग्णवाहिका आणि परीक्षेला जाणारी पोरं सोडायची. बायकांना पुढे ढाल म्हणून बसवू नका, बसायचंच असेल तर बोलायला बसवा. साहेब आले की "बघतो" वर उठू नका. कुठल्या तारखेला काय, ते सहीनिशी लिहून घ्या आणि त्याच रस्त्यावर मोठ्याने वाचून दाखवा.

आणि इतकं करूनही त्या दिवशी कुणी बाटली घेऊन आलंच तर? आधी वडीलधाऱ्यांना पुढे कर. ऐकलं नाही आणि गाडीत किंवा जवळपास माणसं असली तर ११२ ला फोन कर. मित्राशी दगा केला असं तुला वाटेल, मला ते ठाऊक आहे. तरी कर. जळालेल्या माणसाच्या घरी तुला आणि त्या मित्रालाही तोंड दाखवता येणार नाही.

यापूर्वी कुठल्या आंदोलनात तुमच्यातल्या कुणावर गुन्हा दाखल झालेला असेल तर लपवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्यांना, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो.

विम्याचं काम मात्र रास्ता रोकोची वाट न बघता सुरू कर. गावातल्या प्रत्येक खातेदाराचा पॉलिसी क्रमांक, नुकसान कळवल्याची नोंद आणि जमा रक्कम एका वहीत उतरव. पीकविम्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते, तिच्याकडे सगळ्यांची मिळून तक्रार द्या. नुकसानीची टक्केवारी कशी काढली हे माहितीच्या अधिकारात मागा, माहिती अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर अपील करा, आणि खंडपीठात जायची वेळ आली तर शेजारच्या जिल्ह्यात लढलेल्यांना गाठा. त्यांच्याकडे तयार कागद आहेत. पंचनाम्याची प्रत मात्र आत्ताच तलाठ्याकडून किंवा कृषी सहायकाकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेव. वकील सगळ्यात आधी तीच मागतो.